अंगठ्याचं मशीन
हळदीकुंकवाचा वास आला की हदगावातलं माझं ऑनलाइन अर्जांचं दुकान आठवतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, रेशनकार्डाच्या केवायसीच्या शेवटच्या तारखेला, खेड्यातून एक म्हातारी अंगठा द्यायला आली. अंगठ्याच्या मशीनची वायर कम्प्युटरच्या पोर्टात खुपसली की दिवा लागायचा अन् लगेच विझायचा. दहादा काढली, दहादा खुपसली. शेवटी मी तिच्यावरच खेकसलो, "मावशी, अंगठाच घासलाय तुमचा!" "कापूस येचून घासला असंल, बाप्पा," म्हणत ती पदराला अंगठा पुसत बसस्टँडकडं गेली. मग मोबाईलच्या उजेडात पाहिलं, तर पोर्टात कुंकू भरलेलं. आदल्या दिवशी कम्प्युटरच्या पूजेत मीच बोटानं लावलेलं. स्टँडवर पळालो, तर गाडी निघून गेलेली. ती अजूनही गावात सांगते म्हणे, "माझाच अंगठा खराब हाय."