मधली आणि मध्यक

पाच भावंडांत ती तिसरी, म्हणून जन्मभर सगळे तिला मधलीच म्हणत आले. इस्पितळाच्या धुलाईघरात ओल्या चादरी उचलून उचलून तिच्या पाठीचे पार बारा वाजले होते. वरच्या मजल्यावर, नोंदी विभागात, खुर्चीत बसायची एक जागा निघाली होती. त्या जागेसाठी परीक्षा होती, आणि परीक्षेत सांख्यिकी. चाळिशी उलटल्यावर ही नसती उठाठेव कशाला, असं तिलाही वाटे. पण पाठ ऐकत नव्हती.

काम सुटल्यावर तिथल्याच एका खोलीत मास्तर शिकवायला येत. त्यांनी फळ्यावर तीन शब्द लिहिले. "सगळ्यांची बेरीज सगळ्यांत सारखी वाटून दिली की सरासरी. मधोमध येतो तो मध्यक. जास्तीत जास्त वेळा येतो तो बहुलक. आता आपापल्या घरचे पाच आकडे घ्या बघू."

मधलीला दुसरं काय सुचणार? आधाराशिवाय उठता न येणाऱ्या वडिलांना गेल्या वर्षात कोणी किती महिने सांभाळलं, ते तिने थोरल्यापासून धाकटीपर्यंत ओळीने लिहिलं. शून्य, शून्य, बारा, शून्य, शून्य. मधोमध बारा, म्हणजे मध्यक बारा. हा तर आपलाच आकडा, म्हणून तिला उगीच बरं वाटलं.

मास्तरांनी काट मारली. "बाई, आधी आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावायचे, मग मधला बघायचा."

बारा मुकाट्याने टोकाला गेला. मध्यक शून्य, बहुलकही शून्य. सरासरी तेवढी दोन महिन्यांच्या वर आली. म्हणजे कागदावर पाचही जण बापाचं करत होते! तिला हसू आलं, पण हसायलाही दम लागतो.

घरी येऊन तिने थोरल्याला फोन लावला. "दादा, परीक्षा होईपर्यंत बाबांना तुझ्याकडे ने ना. अभ्यासाला बसले की डोळे मिटतात माझे."

"अगं, आपण सगळे मिळूनच करतोय ना त्यांचं? आणि तुला सवय आहे. आमच्याकडे त्यांना करमायचं नाही."

"सगळे मिळून? ओळीत उभे करून बघ एकदा सगळ्यांना. मी एकटी टोकाला आहे, दादा."

"हे काय बोलणं झालं?"

"शिकतेय तेच बोलतेय."

"बरं, बघतो," म्हणत त्याने फोन ठेवला. थोरल्याचं 'बघतो' म्हणजे 'नाही', हे कळायला तिला शिकवणी लागत नव्हती. राग आला, चांगलाच आला. पण भांडायचं तरी अंगात त्राण हवं ना.

आत जाऊन ती वडिलांच्या पाठीमागे उशी सारू लागली. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मी मधे येतोय का गं तुझ्या?"

"छे हो, बाबा," ती म्हणाली. खोटं बोलली, आणि ते दोघांनाही कळलं.