बाईंच्या मागची जागा

श्रावणात घरातले तांदूळ संपले की आई डोंगरातून कडू कंद खणून आणायची. राख घालून दोन-तीनदा उकळायचे, नाहीतर घसा खाजतो. तेच खाऊन मी शाळेत गेले. कशेळ्याच्या बाजारात मोळ्या विकून तिने मला कर्जतला बी.ए. केलं. वाडीतली पहिली पदवीधर मी. हे मी आजही कुणी न विचारता सांगते.

गाणं शिकायला मुंबईला बाईंकडे गेले. बाई मोठ्या गायिका. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "कुणी विचारलं तर कर्जतची म्हणायचं. वाडीबिडी काढू नकोस." दोन वर्षांनी त्यांनी मला मैफलीत मागे तंबोऱ्यावर बसवायचं ठरवलं. "एकदाच बघते. जमलं तर जागा तुझी."

हे मी आईला फोनवर सांगितलं आणि त्या मैफलीचं शेवटच्या रांगेतलं तिकीट पाठवलं. मुद्दामच शेवटच्या.

आमच्याकडे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यापुढे रिकाम्या हाताने बसत नाहीत. मूठ-पसा तांदूळ ठेवतात. इथे ते करायचं नसतं, हे सांगायचं मला सुचलंच नाही. पहिला राग संपला, टाळ्या झाल्या, आणि आई मधल्या वाटेने सरळ पुढे आली. पदराची गाठ सोडून तिने रंगमंचाच्या कडेवर तांदूळ ओतले आणि बाईंना हात जोडले.

सभागृह हसलं. पहिल्या रांगेतून एकजण म्हणाला, "मावशी, लग्न नाहीये! अक्षता कसल्या टाकताय?"

बाईंनी माइकवर हात ठेवला आणि मागे न बघता विचारलं, "तुझी कोण गं ही?"

"माहीत नाही, बाई."

आईला ते ऐकू गेलं. एका कार्यकर्त्याने तिचं कोपर धरलं. "कुणाबरोबर आलात?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी तारांकडे.

"कुनाबरोबर नाय रं दादा," ती म्हणाली. "येकलीच हाय मी."

तिला बाहेर नेलं. बाई माइकवर म्हणाल्या, "गाणं पोटापर्यंत पोचलं म्हणायचं!" पुन्हा हशा. कुणीतरी झाडू आणून तांदूळ सुपडीत भरले. मी वाजवत राहिले. तंबोरा एकदाही थांबला नाही.

कार्यक्रम संपल्यावर बाहेर आले, तर आई निघून गेली होती. पुढच्या आठवड्यात घरी गेले तेव्हा तिने एवढंच विचारलं, "जागा मिळाली ना गं?"

मिळाली. गेली सात वर्षं बाईंच्या मागे मीच बसते.