तापाची उष्टी नळी

ती नळी विकत घेताना मी मामंजींच्या शेजारी उभी होते. म्हणून पुढं जे झालं त्यात माझाही हात आहे, हे आधीच सांगून टाकते.

मानमोडीच्या साथीचं वर्ष होतं, एकोणीसशे अठरा. प्लेगची आमच्या कोल्हापूरला सवय होती. उंदीर पडला की चंबूगबाळं उचलायचं, माळावर झोपड्या घालायच्या आणि हवा निवळली की परत यायचं. मानमोडीत उंदीर नव्हता, गाठ नव्हती, आणि पळायचं कुठं तेही कळत नव्हतं. पहाटे तालमीत जोर काढलेला गडी दुपारी अंथरुणाला खिळायचा. तिसऱ्या दिवशी त्याला उचलायला चार खांदे मिळायचे नाहीत. म्हातारी माणसं राहायची आणि तरणीताठी जायची.

शिवाजी पेठेत आमचं किराण्याचं दुकान होतं आणि वरच्या मजल्यावर आम्ही राहायचो. सासू-सासरे, थोरले दीर-जाऊ आणि आम्ही दोघं. मी सोळा-सतरा वर्षांची. माझे वडील आजऱ्याला शाळामास्तर होते. त्यांनी मला इंग्रजी आकडे आणि थोडी अक्षरं शिकवली होती. सासरी याचं कुणाला कौतुक नव्हतं. उलट "मास्तरची लेक" असं जरा नाक मुरडूनच म्हणायचे. पण दरबारच्या डॉक्टरांनी पेठेत दवंडी पिटवली की, ज्याच्या घरी ताप आहे त्यानं पाऱ्याची नळी, थर्मामीटर, लावून ताप बघावा आणि एकशे तीनच्या वर गेला तर रोग्याला शाळेत उघडलेल्या दवाखान्यात आणावं. त्या दिवशी मामंजींनी मला पहिल्यांदा हाक मारली.

"सूनबाई, तुला विंग्रजी आकडं वाचाय येत्यात न्हवं?"

"येतात."

"मग चल माझ्यासंगट."

इंग्रजी औषधांच्या दुकानात गर्दी होती. दुकानदार सगळ्यांना एकच उत्तर देत होता, "नळ्या संपल्या." मामंजी स्वतः दुकानदार. ते हलले नाहीत. गर्दी ओसरल्यावर गल्ल्याशेजारी कोपर टेकून म्हणाले, "पावणं, माल संपला म्हंजी कुठं ठेवलाय, ते मला बी ठावं हाय."

दुकानदारानं हसून एक डबी काढली. आतलं मखमल एका कडेला कडक झालं होतं, त्यावर वाळलेला पिवळा डाग होता. नळीच्या टोकाला काहीतरी चिकटलं होतं. त्यानं ते नखानं खरवडलं आणि नळी धोतराच्या सोग्याला पुसून माझ्यासमोर धरली.

मी विचारलं, "ही आधी कुणाची होती?"

"ज्याची हुती त्याला आता नगं हाय," तो म्हणाला, आणि दोघंही हसले.

मामंजींनी ती काखेत धरली, मी आकडा वाचला. त्यांचं समाधान झालं. मग दुकानदार म्हणाला, "बाईमाणसानं जरा भाईर थांबावं." मी बाहेर उभी राहिले. आत आणखी काय देवघेव झाली ते मला तेव्हा कळलं नाही.

मला वाटलं होतं, नळी घरासाठी आहे. दुसऱ्याच दिवशी मामंजींनी पेठेत सांगून टाकलं की आमच्याकडं तापाची नळी आहे, आणि सूनबाई येऊन बघेल. फुकट नव्हे. कुणी शेंगा द्यायचं, कुणी जोंधळे, कुणाकडून जळणाच्या शेणी यायच्या. एका विधवेनं तांब्या दिला, तो त्यांनी उजेडात धरून चीर गेली नाही ना, हे बघून ठेवून घेतला.

मी घरोघर जाऊ लागले. ती तोंडं मी अजून विसरले नाही. ओठांना खपल्या, जिभेवर पांढरा थर, नाकातून रक्त येऊन सुकलेलं. एका पैलवानानं नळी तोंडात असतानाच ओकारी केली. ती माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आली. मी नळी पदराला पुसली आणि पुढच्या घरी गेले. पुढच्या घरी ती एका पोरीच्या तोंडात घातली. काखेत धरून चाललं असतं, पण त्याला वेळ लागायचा, आणि मामंजींना वेळ घालवलेला चालत नव्हता.

घरी आल्यावर मी म्हटलं, "मामंजी, नळी गरम पाण्यानं धुऊ का? लोकांचं उष्टं असतं."

"धुतलीस तर आकड्यातली काळी शाई जाईल. मग काय वाचशील, कप्पाळ?"

मला मात्र मागच्या दारी डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय घरात पाऊल टाकायची मुभा नव्हती. दहा जातींच्या घरात जाऊन मी बाटत होते. नळी बाटत नव्हती. ती तशीच डबीत, डबी भिंतीतल्या देवळीत.

पहिल्या आठवड्यात मी दोन घरी एकशे चारच्या वर आकडा सांगितला. दोन्ही घरची माणसं दवाखान्यात गेली आणि दोन्ही तिथंच वारली. पेठेत बोलवा झाली की वाण्याच्या नळीचा पायगुण वाईट. जी माणसं दवाखान्यात जात, त्यांच्या घरची माणसं तिथल्याच नर्सबाईकडून ताप बघून घेत. आमच्याकडं परत कोण येणार? मामंजींनी मला समोर उभं केलं.

"हितनं फुडं एकशे दोनच्या वर सांगायचं न्हाय."

"आणि जास्त असला तर?"

"एकशे दोन म्हणायचं. उतार पडंल म्हणायचं. माणसाला धीर द्यावा की!"

मी नवऱ्याला सांगितलं. ते सुपारी कातरत होते. "अप्पा म्हणत्यात तसं कर," ते म्हणाले. "तुला काय डाक्टर व्हायचंय?" आणि कातरलेली सुपारी त्यांनी तोंडात टाकली. त्या कुरकुर आवाजाची मला आजही किळस येते.

मी तसंच केलं. किती घरी केलं ते मला सांगता येत नाही. एका घराचं सांगते.

मागच्या बोळात कल्हईवाला राहायचा. पिढ्यान्‌पिढ्या पेठेतली भांडी उजळणारं मुसलमानाचं घर. त्याची बायको माझ्याच वयाची होती. लग्न होऊन मी नवी आले तेव्हा बोळातल्या आडावर तिनंच मला पहिली हाक मारली होती. तिला ताप आला तसा तो दुकानात येऊन म्हणाला, "शेटजी, पैसं न्हाईत. घरातली समदी भांडी कल्हई करून देतो. वैनींना पाठवा."

मी गेले. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. माझा आवाज ऐकून वळली, ओळखून हसली. मी नळी तिच्या जिभेखाली ठेवली. पारा एकशे चार ओलांडून वर गेला होता.

"किती हाय?" त्यानं विचारलं. त्याच्या बोटांत नवसागराचा धूर मुरलेला, नखं काळी. "तीनच्या वर असंल तर आत्ताच न्हेतो. हातगाडी बघून ठिवलीया."

दारात माझे थोरले दीर उभे होते. मामंजींनी त्यांना मुद्दाम माझ्यामागून पाठवलं होतं.

"एकशे दोन," मी म्हटलं.

"म्हंजी न्ह्याची गरज न्हाय?"

"उतार पडेल."

त्यानं दोन्ही हात कपाळाला लावून माझ्याकडं बघितलं. देवाकडं बघावं तसं.

ती दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

चौथ्या दिवशी तो आमच्या दारात आला. खांद्यावर बोचकं. त्यानं कल्हईला नेलेली आमची पातेली, तपेली, परात, तांबे एकेक काढून ओट्यावर मांडले. सगळी चांदीसारखी झळकत होती. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. "सबूद दिला हुता," एवढंच म्हणाला.

मामंजी उठले. वाटलं, आता तरी चार शब्द बोलतील. त्यांनी परात उचलून उजेडात तिरपी धरली, आत बोट फिरवलं आणि म्हणाले, "हितं कल्हई जरा पातळ बसलीया गा."

कल्हईवाल्यानं परात हातात घेतली, बघितली. "व्हय," तो म्हणाला. "परत करून आणतो." आणि ती परात घेऊन तो गेला.

त्या दिवशी मला अन्न गेलं नाही. त्या झळझळीत पातेल्यातली आमटी ताटात पडली की मी ताटावरून उठायचे. सासूबाईंना वाटलं, मला दिवस गेले. त्यांनी शेजारणीला तसं हळूच सांगितलंसुद्धा. घर सगळं हसरं झालं होतं आणि मी मागच्या दारी भिंतीला धरून ओकत होते.

त्याच आठवड्यात मामंजी आजारी पडले. थंडी वाजून आली, अंग भाजायला लागलं. मी देवळीतली डबी घेऊन त्यांच्या उशाशी बसले. त्यांनी माझं मनगट धरलं.

"ती नगं!"

"का?"

"छ्या! किती जणांच्या थुंकीतनं फिरलीया ती. ती माझ्या तोंडात घालतीस?" धापा टाकत त्यांनी कंबरेची किल्ली सोडली. "कपाटात, खालच्या खणात बघ. नवी हाय."

मी कपाट उघडलं. आत रुमालात गुंडाळलेली डबी होती. डबीवरचा कागद अजून फाडलेला नव्हता. त्या दिवशी दुकानदारानं मला बाहेर उभं केलं ते हिच्यासाठी. म्हणजे इतके दिवस घरात कोरी नळी होती, आणि मी ती घाण नळी माणसांच्या, पोरांच्या, त्या कल्हईवाल्याच्या बायकोच्या तोंडात घालत हिंडत होते. मामंजींना सगळं माहीत होतं. उष्टं काय, ओवळं काय, कशानं काय होतं, सगळं. फक्त ते स्वतःपुरतं माहीत होतं.

मी कागद फाडला आणि नवी नळी त्यांच्या तोंडात ठेवली. घरोघरच्या रोग्यांच्या तोंडाला यायचा तोच वास त्यांच्याही तोंडाला होता.

"किती?"

"एकशे चार."

त्यांचा चेहरा एकदम उतरला. "नीट बघ."

"नीट बघितलं. एकशे चार."

"एकशे दोन म्हण की गं," ते म्हणाले. डोळ्यांतून पाणी ओघळत होतं. "खोटं तर खोटं, पर म्हण की."

मी म्हटलं नाही. सूड म्हणून नव्हे. मला वाटलं होतं की त्यांना असं बघून बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. ओल्या मिशांचं ते रडणं बघून फक्त शिसारी आली.

एकशे चार ऐकून नवऱ्याची आणि दिरांची पळापळ झाली. डॉक्टरांना घरी आणलं, अंगावर थंड पाण्याच्या पट्ट्या सुरू झाल्या. खरा आकडा कळल्यावर जे जे करायचं ते सगळं झालं. मामंजी वाचले. पाचव्या दिवशी उठून बसले आणि पेज मागून प्यायले.

सहाव्या दिवशी मी नवी नळी कमरेला खोचली आणि कुणाला न सांगता मागच्या दारानं बाहेर पडले. आधी बोळात गेले. कल्हईवाला भाता बाजूला ठेवून नुसताच बसला होता. भट्टी विझलेली.

मी उभ्यानंच सांगितलं, "तिला एकशे चारच्या वर होता. मी खोटं सांगितलं."

त्यानं भट्टीतली राख चिमट्यानं उकरली. मग म्हणाला, "तुमी सांगितलं, का शेटजीनं सांगाय लावलं?"

"त्यांनी सांगितलं. पण तोंड माझं होतं."

त्यानं मान डोलावली. "न्हेली असती तर वाचली असती का न्हाय, ते अल्लालाच ठावं. पर मी न्हेली असती." मग पुन्हा म्हणाला, "हातगाडी आणून ठिवलेली, वैनी." त्यानं मला शिवी दिली असती तर मी घेतली असती. त्यानं दिली नाही. जरा वेळानं त्यानं हलकेच दार लावून घेतलं.

तिथून मी शाळेतल्या दवाखान्यात गेले. वऱ्हांड्यात नर्सबाई होत्या, पोक्त, पांढऱ्या लुगड्यातल्या. मी नळी पुढं केली. म्हटलं, "ही इथं ठेवा."

त्या हरखल्या. आत नेऊन त्यांनी ती वासाच्या पाण्यानं भरलेल्या पेल्यात उभी केली. कार्बोलिकचं, रोगाचे जंतू मारणारं पाणी. "प्रत्येक तोंडानंतर बुडवायची," त्या म्हणाल्या. "न बुडवता दुसऱ्याच्या तोंडात घातली, तर रोग आपण हातानं भरवला म्हणायचं. वाण्याची नळी घेऊन हिंडणारी तूच ना? तू कशात धूत होतीस?"

"पदराला पुसत होते."

त्यांनी माझ्या पदराकडं बघितलं. मग त्या नकळत एक पाऊल मागं सरल्या. त्यांची ती नजर मला बरोबर वाटली. एवढे दिवस मला बाकी सगळ्यांची किळस येत होती. त्या पाच-सहा वाक्यांत कळलं की ज्यांच्या घरी मी धीर द्यायला जात होते, त्यातल्या काहींना आजार मीच नेऊन दिला असेल. त्या पैलवानानंतरची ती पोर जगली की गेली, हे विचारायला त्या घरी जायचं धाडस मला कधी झालं नाही.

घरी कळल्यावर आकाशपाताळ एक झालं. नवऱ्यानं हात उगारला, पण मारला नाही. मामंजी अंथरुणातून ओरडले, "घर लुटलं ह्या बयेनं!" जुनी नळी घेऊन पुन्हा घरोघर जा म्हणाले. मी नाही म्हटलं. सरळ, पहिल्यांदाच, त्यांच्या तोंडावर. इंग्रजी आकडे वाचणारं दुसरं कुणी घरात नव्हतं, म्हणून तो धंदा तिथंच बंद पडला. थंडी वाढली तसा ताप ओसरत गेला.

मामंजी त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. पेठेत त्यांना मान होता. मला मात्र त्यांनी एक शिक्षा दिली: माझ्या हातचं खाणार नाही म्हणून सांगितलं. त्यांच्या पानात वाढायचं काम जावेकडं गेलं. जावेला ते ओझं वाटलं, सासूबाई माझ्यासाठी हळहळल्या, म्हणाल्या, "पाया पड, माफी माग, म्हंजी घेतील." मी पाया पडले नाही. जेवणाच्या वेळी त्यांच्यासमोर वाकावं लागत नव्हतं, त्यांचं तोंड जवळून बघावं लागत नव्हतं. त्या घरात मला मिळालेली ती पहिली सुटका होती.