छत्रीवाले डॉक्टर

सत्तरी ओलांडलेला एक माणूस पावसात भिजत उभा आहे आणि त्याच्या हातातली छत्री शेजारच्या झाडावर धरलेली आहे, हे दृश्य लेस्टरमधल्या आमच्या भागात बहुतेक मराठी माणसांनी कधी ना कधी पाहिलं आहे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा व्हॅन थांबवून काच खाली केली. म्हटलं, "डॉक्टर, सगळं ठीक आहे ना?"

"झाडावरचं छप्पर वाऱ्यानं उडालं. नवीन दुपारी येतंय. तोवर मी आहे."

"अहो, पण तुम्ही भिजताय."

"मला न्यूमोनिया झाला तर अँटिबायोटिक आहे. याला काही नाही."

तेव्हापासून आमच्यात त्यांचं नाव छत्रीवाले डॉक्टर पडलं. खरं तर ते भूल देणारे डॉक्टर. इथल्या हॉस्पिटलमध्ये त्यांनी उभी हयात काढली. मराठी मंडळातल्या अर्ध्या लोकांना त्यांनी कधी ना कधी झोपवलं असेल, पण रिटायर झाल्यावर ते बोलायचे ते फक्त युक्का या झाडांबद्दल. टेक्सासहून कोणीतरी आणलेल्या बियांपासून त्यांनी निळ्या युक्काची सात रोपं वाढवली होती. निळा म्हणजे राखेत नीळ कालवल्यासारखा. खाली बुंधा आणि वर अरुंद, टोकदार पानांचा कदंबाच्या फुलासारखा गोल झुबका. वाळवंटातलं झाड, पण थंडीला भीत नाही. बर्फ पडला तर टोपी घातल्यासारखं ऐटीत उभं राहतं. मरतं ते ओलीनं. आणि लेस्टरच्या हिवाळ्यात ओलीशिवाय दुसरं असतं काय?

यावर डॉक्टरांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "झाड हिवाळ्यात झोपतं. झोपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतलं तर ते पोटात जात नाही, फुफ्फुसात जातं." म्हणून नोव्हेंबर लागला की ते प्रत्येक झाडावर चार खांबांवर पारदर्शक पत्रा बसवायचे, बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवायचे आणि प्रत्येक बुंध्याला हॉस्पिटलची एकेक जुनी पाटी अडकवायचे. 'निल बाय माउथ'. ऑपरेशनच्या आधी पेशंटच्या पलंगावर लावतात तीच, तोंडानं काही द्यायचं नाही म्हणून. लोक हसायचे. डॉक्टर हसायचे नाहीत.

माझं यार्ड आहे. फरशी, वाळू, खडी, बागेचे दगड. मी सांगलीकडून इथे आलो तेव्हा दुसऱ्याच्या यार्डात गोण्या उचलायचो. आज उचलणारी माणसं माझी आहेत, आणि भाव करण्यात मला हरवणारा माणूस अजून भेटायचा आहे. डॉक्टर भावच करायचे नाहीत, हा माझा त्यांच्यावरचा पहिला राग. पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना गोल खडी दाखवली. त्यांनी खिशातून बुडाला भोकं पाडलेला स्टीलचा ग्लास काढला, त्यात खडी भरली, वर पाणी ओतलं आणि घड्याळाकडे बघत बसले. मग टोकदार बारीक खडी तशीच पाहिली. "ही द्या," म्हणाले. मी किंमत सांगितली, मुद्दाम चढवून. त्यांनी दिली. समोरचा घासाघीस करेल म्हणून चढवलेली किंमत तशीच हातात पडली की फसवल्यासारखं वाटतं, आणि कोणी कोणाला फसवलं तेही कळत नाही.

त्या सातांतलं एक रोप मला हवं होतं. माझं घर म्हणजे माझ्या धंद्याची जाहिरात. दारात तसला निळा युक्का उभा राहिला असता तर रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकानं खाली कुठली खडी घातली आहे ते विचारलं असतं. मी डॉक्टरांना पैसे देऊ केले. मग पॅटिओची फरशी. मग आयुष्यभर खडी फुकट.

"भाव करू नकोस," ते म्हणाले. "जागा दाखव."

जागा बघायला ते तीन वर्षं ओळीनं आले. अंगणात वीतभर खड्डा करायचे, त्यात झारीभर पाणी ओतायचे आणि घड्याळ बघायचे. आमच्याकडची माती चिकणमाती, पाणी तासभर हलायचं नाही. "नापास." पुढच्या वर्षी पुन्हा "नापास." मला इतका राग आला की मी अख्खं अंगण कमरेइतकं खणलं, खाली विटांचे तुकडे भरले आणि वर खडी-मातीचा गुडघाभर उंच चबुतरा केला. त्यात पाणी ओतलं तेव्हा डॉक्टरांना घड्याळ बघायलाही वेळ मिळाला नाही. मे महिन्यात ते स्वतः रोप घेऊन आले, पानांच्या झुबक्यात पाणी साठू नये म्हणून किंचित तिरकं लावलं आणि जाताना माझ्या हातात एक पाटी दिली. "नोव्हेंबरला लाव. आणि या झाडाला मूल समजू नकोस, पेशंट समज. मुलाला सारखं काहीतरी द्यावंसं वाटतं."

मी सगळं सांगितलं तसं केलं. छप्पर केलं, पाटी लावली. त्याच हिवाळ्यात आई सांगलीहून सहा महिने आमच्याकडे राहायला आली होती. मी साडेसहाला यार्डात, नर्स असलेली बायको हॉस्पिटलच्या वॉर्डवर. आई दिवसभर एकटी, पण तक्रार नाही. मार्चमध्ये तिला विमानात बसवलं तेव्हा झाड हिरवं-निळं, टवटवीत दिसत होतं. एप्रिलच्या शेवटी मधली पानं तपकिरी झाली. मी हलकेच ओढून पाहिलं तर पानांचा अख्खा गाभा हातात आला. खाली लगदा, आणि मेलेल्या उंदरासारखा वास.

चार वर्षांची माझी मेहनत होती ती. चूक माझी नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे माल खराब होता. त्याच आठवड्यात मंडळाचा महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम होता. डॉक्टर हातात ताट घेऊन पुरीच्या रांगेत उभे होते. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "डॉक्टर, तुमचा पेशंट टेबलावरच गेला होता. मेलेल्याला डिस्चार्ज देऊन माझ्या गळ्यात मारलात!"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या शेजारी त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू होत्या, त्या काहीतरी बोलणार होत्या. डॉक्टरांनी त्यांच्या ताटात एक पुरी ठेवली आणि मला म्हणाले, "असेल. रोपात आधीच काही असेल. वाईट झालं."

मी ते कबुलीजबाब म्हणून धरलं. त्यानंतर दोन वर्षं मी त्यांच्याशी बोललो नाही आणि त्यांच्याबद्दल मात्र सगळ्यांशी बोललो. ते खडीला माझ्याच यार्डात यायचे. मी एक पेनी सोडायचो नाही, ते मागायचे नाहीत. स्टीलचा ग्लास, पाणी, घड्याळ, पैसे. एकदा जाताना म्हणाले, "चबुतरा मोडलास का रे?" मी त्यांची पावती फाडून दिली. मोडला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टर गेले. क्रिमेटोरियममध्ये मी मागच्या रांगेत बसलो होतो. त्यांनी माफी मागायची राहिली, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी खोटं कशाला लिहू?

मे महिन्यात काकूंचा फोन आला. घर विकलं होतं, त्या मुलीकडे लंडनला, ईलिंगमध्ये राहायला निघाल्या होत्या. घर घेणाऱ्यांना मागच्या बागेत सगळी फरशी हवी होती. "बाकीची झाडं वाटली," त्या म्हणाल्या. "सगळ्यात मोठं तुला द्यायचं असं हे सांगून गेलेत. माणसं घेऊन ये."

मी माणसं घेऊन गेलो. झाड माझ्या खांद्याइतकं झालं होतं. मुळांभोवती पोती गुंडाळून होईपर्यंत काकूंनी चहा केला. मी म्हटलं, "काकू, मेलेल्या रोपाची भरपाई म्हणून देताय का?"

त्यांनी कप खाली ठेवला. "आता सांगते. ते असताना सांगू दिलं नाही. तुझी आई होती ना, त्या फेब्रुवारीत हे तुझ्या झाडाला बघायला गेले होते सकाळी. तू नव्हतास. तुझी आई तांब्या घेऊन झाडाजवळ उभी. वर तुझं छप्पर, तर बाजूनं हात घालून बरोबर मध्यावर पाणी सोडत होती. रोज अंघोळीनंतर. तुमच्या घरात तुळस नाही म्हणाली, म्हणून ह्यालाच घालते."

मी म्हटलं, "पाटी लावली होती."

"पाटी इंग्रजीत होती."

काकू म्हणाल्या, "ह्यांना म्हणाली, लेकाच्या घरी मला कशालाच हात लावू देत नाहीत, एवढं एक काम माझं आहे. ह्यांनी पान ओढून पाहिलं तर ते हातात आलं. वरून हिरवं, पण आतून गेलेलंच होतं. घरी येऊन मला म्हणाले, आता पाणी घातलं काय अन् न घातलं काय. पण त्याला कळलं तर म्हातारीचा उरलेला हिवाळा जाईल."

"म्हणजे मी आईला बोललो असतो, असं वाटलं त्यांना?"

"बोलला नसतास?"

मी चहा संपवला.

झाड जुन्याच चबुतऱ्यावर लावलं, किंचित तिरकं. पण माझा राग गेलेला नाही, फक्त त्याची जागा बदलली. त्या माणसानं मला न विचारता माझ्याबद्दल एक हिशेब मांडला आणि तो बरोबर निघाला. चाळीस लोकांसमोर मला ओरडू दिलं आणि स्वतः पुरी वाढत राहिले. निदान एकट्यात गाठून सांगायचं होतं. मी तेव्हा ऐकलं असतं की नाही, हा प्रश्न वेगळा.

आता नोव्हेंबर आहे. छप्पर बसवलं, पाटी लावली. परवा वाऱ्यानं पत्रा हलला तेव्हा तो पुन्हा आवळून होईपर्यंत मी छत्री धरून उभा होतो. समोरच्या घरातून कोणीतरी फोटो काढला. काढू दे.

आईच्या गुडघ्यांना आता विमान झेपत नाही. रविवारी व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "माझं झाड दाखव." मी फोन घेऊन बाहेर गेलो.

"अगंबाई, किती वाढलं रे! केवढंसं होतं. माझ्या पाण्यावर धरलं बघ ते."

"हो."

"तुला कामातून वेळ कुठे असतो. पाणी घालतोस ना रोज?"

"घालतो," मी म्हटलं. "रोज सकाळी. अंघोळीनंतर."

आणि पाटी दिसू नये म्हणून फोन जरा वर धरला. तिला इंग्रजी येत नाही, तरी.