वकीलकाकूंचा राग

कुठल्याही गुन्ह्याची हकिगत ऐकताना वकीलकाकू समोरच्याला मधेच तोडायच्या आणि विचारायच्या, "वय किती?" कोणी गाडी फोडलेली असो, दुकान लुटलेलं असो, शाळेत चाकू नेलेला असो. सांगणारा वैतागायचा. "काकू, आधी काय केलं ते तर ऐका!" त्यावर त्या म्हणायच्या, "काय केलं ते पोलिसांनी लिहिलेलंच असते रे बाप्पा. वय कोणी नीट सांगत नाही."

त्या नागपूरच्या. लग्न होऊन न्यू जर्सीत आल्या तेव्हा तिकडची वकिलीची पदवी इथे चालेना. मुलं शाळेत जायला लागल्यावर त्या पुन्हा पहिल्यापासून कायदा शिकल्या आणि बावीस वर्षं बाल न्यायालयात, ज्यांना वकील परवडत नाही अशा मुलांच्या बाजूने उभ्या राहिल्या. इथल्या मराठी मंडळात सगळे त्यांना वकीलकाकू म्हणत आणि शक्यतो टाळत. घरोघरून पदार्थ आणून केलेल्या पॉटलकला कोणी "आजकालची ही पोरं" अशी सुरुवात केली, की काकू हातातली प्लेट ठेवून भांडायला तयार. त्यांची मुलगी एकदा मला म्हणाली, "शी वॉज एव्हरीबडीज लॉयर. माझ्या एकाही डान्स रिसायटलला आली नाही ती." तेही खोटं नव्हतं.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागात गाड्या फोडण्याचे, बायकांच्या गळ्यातलं ओढण्याचे प्रकार झाले. व्हॉट्सअॅप ग्रुपवर दारावरच्या कॅमेऱ्यांचे व्हिडिओ रोज फिरायला लागले. मंडळाच्या अध्यक्षांनी सरकारी वकिलांच्या कार्यालयाला द्यायला एक निवेदन तयार केलं: सोळाच्या पुढच्या मुलांचे खटले मोठ्यांच्या कोर्टात चालवा. त्यासाठी मीटिंग बोलावली.

"अठरापर्यंत बाल न्यायालय, म्हणून ही पोरं माजलीत," अध्यक्ष म्हणाले. "आपलं काही होत नाही हे त्यांना पक्कं माहीत असतं."

"तुमचा रोहन सतराचा ना?" काकूंनी विचारलं.

"रोहनचा इथे काय संबंध?"

"मागच्या महिन्यात न विचारता गाडी नेली त्यानं, आणि शेजाऱ्याचा मेलबॉक्स तोडला. तुम्ही सॉरी म्हणून नवा लावून दिला. दुसऱ्याच्या पोरानं तोडला असता तर तुम्ही ग्रुपवर व्हिडिओ टाकला असता. तुमच्या पोराची ती चूक आणि दुसऱ्याच्या पोराचा तो गुन्हा, हे कायद्यात लिहून पाहिजे का तुम्हाला? आणि गुन्हे वाढले की व्हिडिओ वाढले, हे कोणी तपासलं आहे का?"

कोणीही तपासलं नव्हतं. सह्या मात्र बहुतेकांनी केल्या. मीही केली.

त्याच ऑक्टोबरात माझी आई सांगलीहून आली होती. ग्रोसरीच्या दुकानाबाहेर, भर दुपारी, मी डिकीत पिशव्या ठेवत असताना एका मुलीने तिचं मंगळसूत्र ओढलं. आई फरशीवर आदळली आणि तिचा खुबा मोडला. ती मुलगी धावत एका गाडीत जाऊन बसली. दोन दिवसांत ती सापडली. गाडी चालवणारा पंचविशीतला माणूस मंगळसूत्र घेऊन जो पळाला, तो आजपर्यंत सापडलेला नाही.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये वकीलकाकू दिसल्या आणि माझा तोल गेला. "आता विचारा ना! विचारा, वय किती!" मी ओरडले.

"सोळा," त्या म्हणाल्या. "सोळा वर्षं, दोन महिने. विचारूनच आले." मग आवाज न चढवता, "तू चिडायलाच पाहिजे. मी पण चिडली आहे. तिला शिक्षा झालीच पाहिजे. पोराची शिक्षा की मोठ्या माणसाची, एवढंच माझं भांडण आहे."

मला ते पटलं नाही. सरकारी वकिलाने खटला मोठ्यांच्या कोर्टात नेण्याचा अर्ज केला, आणि त्या सुनावणीत आमच्या घरातर्फे मी बोलू शकते असं कळवलं. मी दोन पानं लिहून काढली. काकू तेव्हा नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. म्हणाल्या, "मला वाचून दाखवू नको. तुला जे बोलायचं ते बोल. पण आधी एक सकाळ माझ्याबरोबर चल."

त्या मला मोठ्यांच्या कोर्टात घेऊन गेल्या. तिथे कोणालाही बसता येतं. कैद्यांच्या रांगेत चाळिशी-पन्नाशीचे पुरुष होते, आणि त्यांच्यात एक मुलगा. सतरा वर्षांचा, बाल न्यायालयातून इकडे पाठवलेला. हात कमरेच्या साखळीला बांधलेले. त्याचं नाक वाहत होतं आणि पुसायला हात वर जात नव्हता, म्हणून तो मान वाकडी करून खांद्याला नाक पुसत होता. समोर न्यायाधीश बाई होत्या, तरी तो प्रत्येक प्रश्नाला "येस सर" म्हणत होता. मधेच तो मागे वळून बाकांवर कोणाला तरी शोधायला लागला. पोलीस म्हणाला, "पुढे बघ."

"आई शोधून राहिला," काकू हळूच म्हणाल्या. मग त्या तोंड फिरवून भिंतीकडे बघायला लागल्या. मी विचारलं, बरं वाटत नाहीये का? "बरं कसं वाटेल? बावीस वर्षं हेच पाहून राहिले मी."

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती पलंगावरूनच म्हणाली, "शिक्षा करा तिला. माझं हाड मोडलंय, मी काही संत नाही. पण तिचा चेहरा पाहिलाय मी. माझ्यापेक्षा तीच जास्त घाबरली होती गं."

सुनावणीत मी ती दोन पानं वाचली नाहीत. आईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं आणि खटला बाल न्यायालयातच ठेवा म्हटलं. सरकारी वकिलाने नम्रपणे माझे आभार मानले. मग त्याने आमच्या मंडळाचं निवेदन पुढे केलं. "संपूर्ण समाजाची ही भावना आहे," तो म्हणाला. खटला मोठ्यांच्या कोर्टात गेला. निया, त्या मुलीचं नाव निया, हिला सहा वर्षांची शिक्षा झाली.

पार्किंगमध्ये काकूंनी विचारलं, "त्यात तुझी सही होती?"

"हो."

त्या गाडीत बसल्या आणि निघून गेल्या. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. महिनाभर त्यांनी माझा फोन उचलला नाही. मग एक दिवस स्वतःच फोन केला. "मी दर महिन्याला शनिवारी नियाला भेटायला जाते. परवानगीचा फॉर्म आणून देते, भरशील का?" मी म्हटलं, बघू. फॉर्म दोन वर्षं तसाच पडून राहिला.

यंदा मार्चमध्ये वकीलकाकू झोपेतच गेल्या. शोकसभेत अध्यक्ष माईक घेऊन म्हणाले, "मुलांसाठी झटणारी माउली आपल्यातून गेली." माझ्या डोक्यात सणक गेली. मी जागेवरूनच विचारलं, "मग आता ते निवेदन मागे घ्यायचं का?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. कोणीतरी म्हणालं, "अगं, ही वेळ आहे का?" काकू जिवंत होत्या तेव्हाही हे लोक हेच म्हणायचे. त्या दिवशी घरी येऊन मी तो फॉर्म भरला.

जिच्याविरुद्ध गुन्हा घडला तिच्याच घरचं माणूस, म्हणून परवानगी मिळायला चार महिने लागले. निया आता एकोणीस वर्षांची आहे. तुरुंगात भेटीच्या टेबलापाशी बसून मी कोण ते तिला सांगितलं.

"तुमच्या आईला चालता येतं?"

"काठी घेऊन. जिना चढता येत नाही."

तिने मान हलवली. मग विचारलं, "त्या लॉयर बाई का येत नाहीत? चार शनिवार मी तयार होऊन बसले."

तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ना तुरुंगाने, ना आमच्यापैकी कोणी. शोकसभेत इतके लोक हळहळले, पण इथे एक मुलगी वाट बघत असेल हे एकाच्याही मनात आलं नाही. माझ्याही नाही.

मी सांगितलं. ती रडली नाही. तिने दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले.

"मला वाटलं," ती म्हणाली, "शेवटी त्यांनाही माझा राग आला."

"राग होता त्यांना," मी म्हटलं. "खूप होता. तुझ्यावर नव्हता."