भरीत पार्टीचं मुसळ

धुळ्याच्या स्टँडवर उतरलो आणि समोर पाठमोऱ्या उभ्या असलेल्या माझ्या मेहुण्याला, अण्णाला, मागून कडकडून मिठी मारली. माणूस वळला. तो अण्णा नव्हता. मफलर तेवढा अण्णासारखा होता. रागावण्याऐवजी त्यानं हात जोडले.

"इलेक्शन तर झाली ना, भाऊ? तुम्ही कोणत्या पार्टीचे?"

कोणत्याच नाही, असं मी सांगितलं. त्याला ते पटलं नाही आणि त्याचं तरी काय चुकलं? मी नाशिकहून आलो होतो तो एका पार्टीसाठीच. माझे थोरले मेहुणे, नाना, दर हिवाळ्यात चोपड्याजवळच्या शेतात भरीत पार्टी करतात. यंदा गुडघ्यामुळे बायकोचा प्रवास बंद, म्हणून मी एकटा. पण तिनं मला भरीत खायला पाठवलं नव्हतं. शेताची वाटणी झाल्यापासून नाना आणि अण्णा एकमेकांशी बोलत नव्हते.

"अण्णाला घेऊनच शेतात जा," ती म्हणाली होती. "माझे दोन्ही भाऊ एका पंगतीत बसलेले मला बघायचेत. फोटो पाठवा."

अण्णाच्या घरी शेवभाजी इतकी झणझणीत होती की डोळे पुसत पुसत मी विषय काढला, आणि मला भरून आलंय असा त्याचा समज झाला. तरीही तो बधला नाही.

"दाजी, मी येणार नाही. घरात दोन पार्ट्या पडल्या, विषय संपला."

सकाळी मात्र तो आतून मुसळ घेऊन आला. खैराचं, हात फिरून फिरून गुळगुळीत झालेलं. वाटणीत भरीत ठेचायचं लाकडी उखळ नानांकडे गेलं होतं आणि मुसळ अण्णाकडे.

"नानानं गेल्या साली मिक्सरमधून काढलं म्हणे," अण्णा तोंड वाकडं करून म्हणाला. "भरीत होतं की बाळाचं औषध? हे घेऊन जा. वांग्यांनी काय गुन्हा केलाय?"

खांद्यावर मुसळ घेऊन मी एसटीत चढलो.

"हाई काय शे?" (हे काय आहे?) कंडक्टरनं विचारलं. "लगीन शे का?"

"नाही, पार्टी आहे."

त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मुसय लिसनी (मुसळ घेऊन) पार्टी? मंग आम्हले बलावू नका, भाऊ."

मी मुसळ सीटखाली सरकवलं. मागच्या सीटवर केळीचा व्यापारी फोनवर ओरडत होता, "दिल्लीची पार्टी पक्की आहे, पण माल बघितल्याशिवाय गाडी भरू नको!" पुढे दोन बाया हळू आवाजात बोलत होत्या. "पोरीकडची पार्टी चांगली आहे गं. मानपान नको म्हणतात." आमच्या कॉलनीत पार्टी म्हणजे केक आणि फुगे. इथे तो साहेबाचा शब्द बिनतिकिटाचा बसमध्ये फिरत होता, कुणाच्याही शेजारी टेकत होता आणि जो बोलावील त्याचा होत होता.

अमळनेर मागे पडलं आणि मला गुंगी आली. पुलाखाली तापी पसरली होती, धुक्यात पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं ते कळत नव्हतं. पलीकडे सातपुडा कुणीतरी निळ्या शाईचं बोट पुसल्यासारखा. मग केळीच्या बागा सुरू झाल्या. ती रुंद पानं इतक्या सावकाश हलत होती की बस थांबलीय आणि शेतंच चाललीयत असं वाटलं. त्या तंद्रीत कंडक्टर "फाटा!" म्हणून ओरडला. मी पिशवी उचलली आणि उतरलो.

शेतात कपाशीच्या काड्यांचा जाळ पेटला होता. फिकट हिरवी, भलीमोठी वांगी त्यात फुसफुसत होती. नानांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते माझ्या मागच्या वाटेकडे पाहत होते.

"एकलाच उनात?" (एकटेच आलात?)

"एकटाच. पण अण्णानं मुसळ पाठवलंय!" मी विजयी स्वरात म्हणालो आणि खांद्यावर हात नेला. खांद्यावर काहीच नव्हतं. मुसळ यावलच्या दिशेनं निघून गेलं होतं.

नाना खाली बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "आबांच्या हातचं मुसळ होतं, दाजी," एवढंच म्हणाले. आबा म्हणजे माझे सासरे.

मी अण्णाला फोन लावला.

"गाडी कोणती होती?"

"लाल."

"दाजी! बठ्ठ्या गाड्या लालच शेतस!" (सगळ्या गाड्या लालच आहेत!) फोन बंद.

नानांनी वांगी गरम राखेत लोटली. ऊन कलंडलं. धूर केळीच्या पानांत अडकून तिथेच डुलकी घेत होता. मी बांधावर बसून बायकोला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात बांधाशी गाडी थांबली. अण्णा. खांद्यावर मुसळ. धुळ्याच्या स्टँडवर चौकशी करून, यावलहून परत येणारी बस त्यानं चोपड्याच्या स्टँडवर गाठली होती.

"हे धरा. तुमच्या हाती दिलं हेच चुकलं," तो मला म्हणाला. "मी निघतो."

नाना राखेत काडी फिरवत होते. मान वर न करता म्हणाले, "वांगा थंडा व्हई राह्यनात." (वांगी थंड होतायत.)

 अण्णानं चपला काढल्या, हात धुतले आणि तो उखळापाशी बसला.

नाना वांगं सोलून टाकत होते, अण्णा ठेचत होता. मुसळ वर गेलं की नानांचा हात उखळात जायचा, मिरच्या आत ढकलायचा, शेंगदाणे सारायचा आणि मुसळ खाली यायच्या आत बाहेर. दोघं एकमेकांकडे पाहत नव्हते. तरी एकदाही हात चुकला नाही. माफीबिफी कुणी मागितली नाही. केळीच्या पानावर भरीत आणि ज्वारी-उडदाच्या पिठाची, कळण्याची भाकरी आली, तेव्हा अण्णा नानांच्या शेजारी बसला होता. भरताला धुराचा वास होता. फोटो काढताना माझा अंगठा मधे आला, पण दोघं दिसतात.

नाशिकला पोचलो तेव्हा बायको तोच फोटो मोठा करून बघत होती. प्रवासात माणूस जरा प्रामाणिक होतो. मी सगळं खरं सांगून टाकलं: तापी, झोप, विसरलेलं मुसळ.

"गप्प बसा," ती डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही ते मुद्दाम विसरलात, असं मी दोघांनाही सांगून ठेवलंय. माझ्या माहेरी पहिल्यांदाच तुम्हाला हुशार समजतायत."