बिघडलेला जॉब घेऊन छत्रपती संभाजीनगरला

ही सहल एका यादीमुळे घडली. छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यांतल्या इंजिनिअर मंडळींची एक संघटना आहे. पुढच्या काही महिन्यांत काय काय करणार याची यादी ते काढतात, आणि फिरत फिरत ती माझ्या व्हॉट्सॲपवर आली. मासिक सभा दुसऱ्या शनिवारी, वाळूजला. रविवारी सकाळी दौलताबादच्या किल्ल्यावर, जुन्या तोफा कशा ओतल्या असतील ते बघायला. पुढच्या महिन्यात एका कारखान्याला भेट. त्यानंतर आयटीआयच्या मुलांसाठी ग्राइंडिंगचा वर्ग. असल्या याद्या माणसं न वाचता पुढे ढकलतात. मी मात्र चहा गार होईपर्यंत तीच धरून बसले, कारण शनिवारच्या सभेपुढे लिहिलं होतं, 'बिघडलेला जॉब. ज्यांना सांगायचा आहे त्यांनी सोबत आणावा. बाहेरगावच्यांचंही स्वागत.'

जॉब म्हणजे मशीनवर घडवायचा तुकडा. माझ्याकडे असा एक आहे. वीतभर लांबीचा पोलादी शाफ्ट, म्हणजे गोल दांडा, तेलकट कागदात गुंडाळून शिवणाच्या डब्यामागे पंचवीस वर्षं ठेवलेला. नवऱ्याला वाटतं, पहिल्या नोकरीची आठवण म्हणून जपलाय. त्याचं अगदीच चुकत नाही. यादी दोनदा वाचून झाल्यावर मी उठले, शाफ्ट काढला आणि प्रवासाच्या बॅगेत साड्यांच्या घडीत सारून दिला. का, ते तेव्हा मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

नाशिकहून भल्या सकाळची एसटी धरा. येवला, वैजापूर करत पाच तास धरून चाला. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास खिशाला लागत नाही. थंडीत जात असाल तर खिडकीची काच बंद होते का ते बसण्याआधी बघा. माझी होत नव्हती. येवल्याच्या पुढे धुकं इतकं खाली उतरलं होतं की शेतं, विहिरी, बांधावरची माणसं सगळी अर्धी अर्धीच दिसत होती. मी शालीत तोंड खुपसून पेंगत होते, आणि डुलकीत वाळूजचा जुना रस्ता दिसत होता, तेव्हाचा, जेव्हा शहराला सगळेच औरंगाबाद म्हणायचे आणि मी बाविशीची होते. वैजापूरला शेजारी येऊन बसलेल्या बाईंनी माझी बॅग पायाने सरकवून बघितली आणि विचारलं, "काय हाय वो यात? लई जड." मी लोखंड आहे म्हणाले. त्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघून घेतलं आणि उरलेला रस्ता त्यांच्या सुनेबद्दल सांगण्यात घालवला.

बसस्थानकाजवळच्या लॉजवर सामान टाकलं. खोली साधी, पण गरम पाणी वेळेवर येतं. सभा चार वाजता होती म्हणून शहागंजात गेले. तिथे दुपारी जायचं असेल तर पोटात जागा ठेवून जा. पिवळसर, चकाकणारा नान आणि त्यासोबत खलिया, म्हणजे मटणाचा रस्सा, एवढा तिखट की डोळ्यांतून पाणी येतं आणि कुणाला कारण सांगावं लागत नाही. गल्ल्या त्याच होत्या, पाट्या बदललेल्या होत्या. एका कापडाच्या दुकानासमोर मी बराच वेळ उगाच उभी राहिले. पहिल्या पगाराची ओढणी तिथूनच घेतली होती, असं मला वाटत होतं. दुकानदार मात्र म्हणाला की त्याचं दुकान दहाच वर्षांचं आहे.

सभा एका शेडमधल्या वरच्या खोलीत होती. तीसेक खुर्च्या, पुढे टेबल, टेबलावर पांढरं सुती फडकं. सचिव सोनवणे सर बुटके, हसरे गृहस्थ. त्यांनी नव्या माणसांसाठी रीत सांगितली. बिघडलेला जॉब फडक्यावर ठेवायचा, मग तो हातोहात सगळ्यांकडे फिरतो. सांगणाऱ्याचं पहिलं वाक्य 'मी'ने सुरू झालं पाहिजे. मशीन जुनं होतं, माल हलका होता, वरून घाई होती, हे सगळं खरं असलं तरी नंतर. टाळ्या वाजवायच्या नाहीत. कुणी दुसऱ्यावर ढकलायला लागलं, तर सगळ्यांनी खोकायचं.

मला वाटलं गंमत करताहेत. पण पहिला तरुण उठला, चुकीच्या जागी भोकं पडलेली एक पट्टी फडक्यावर ठेवून म्हणाला की ड्रॉइंगची छपाई पुसट होती, आणि खोलीभर तीस माणसं गंभीर चेहऱ्याने खोकली. तो लाजून हसला आणि त्याने पुन्हा सुरुवात केली, मी ड्रॉइंग वाचलं नाही. पुढे अर्धा तास त्या पट्टीवर इतक्या प्रेमाने चर्चा झाली की मला त्या सगळ्यांचा हेवा वाटला. आमच्या वेळी अशी एक खोली असती तर, असं सारखं मनात येत राहिलं.

मग मी उठले. कागद सोडला, शाफ्ट फडक्यावर ठेवला.

मी गरम जॉब मोजला, असं म्हणाले. खोलीतल्या जुन्या माणसांनी तेवढ्यावरच मान हलवली, पण इथे वाचणाऱ्यांसाठी सांगते. ग्राइंडिंगवरून, म्हणजे घासणीच्या चाकावरून, उतरलेलं पोलाद कोमट असतं, आणि कोमट असताना ते किंचित मोठं असतं. किंचित म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढं. म्हणून इन्स्पेक्शनमध्ये जॉब ग्रॅनाइटच्या फरशीवर तासभर निववायचा आणि मगच मोजायचा. मी शिकाऊ इन्स्पेक्टर होते, माल न्यायला खाली गाडी उभी होती, तासभर कोण थांबणार. मोजले, तर त्या खेपेचे बाराही शाफ्ट जरा मोठे आले. मी ते परत पाठवले, अजून थोडं घासा म्हणून. मशीनवरच्या माणसाने निरोप पाठवला की माझ्या हिशोबाने बरोबर आहेत. मी म्हणाले, इन्स्पेक्शनचं माप शेवटचं. त्याने घासले. सकाळी सगळे थंड झाले आणि बाराच्या बारा लहान भरले, भंगारात गेले; हा एक मी तिथून उचलून ठेवला. साहेबांनी मला विचारलं, निवल्यावर मोजले होते ना? मी हो म्हणाले, आणि चूक मशीनवरच्या माणसाची ठरली.

कुणी खोकलं नाही. शाफ्ट एका हातातून दुसऱ्या हातात जात होता. शेवटच्या रांगेतल्या पठाणचाचांकडे तो पोचला. सगळं आयुष्य टूलरूममध्ये, साचे आणि हत्यारं घडवण्यात घालवलेले, पांढऱ्या दाढीचे, सत्तरी ओलांडलेले. त्यांनी तो अंगठ्याने चाचपला आणि विचारलं, "बेटी, मशीनपे कौन था?"

कचरूमामा, मी म्हणाले. देवगाव रंगारीचे.

"उसको मालूम है?"

मी नाही म्हणाले. चाचा शाफ्ट घेऊन स्वतः टेबलापर्यंत आले, तो फडक्यावर न ठेवता माझ्या हातात दिला, आणि म्हणाले की मग हे इथं सांगून काय उपयोग, आम्ही तर अनोळखी माणसं. ओरडले नाहीत, रागावलेही नाहीत. मला मात्र बसायला खुर्ची सापडेना. चहाच्या वेळी सोनवणे सरांनी सांगितलं की कचरूमामा रिटायर होऊन गावीच असतात, स्टँडवर कुणालाही विचारा. रविवारी मी देवगावलाच जाणार असं धरून किल्ल्याच्या सहलीतून माझं नाव त्यांनी माझ्यासमोरच खोडलं.

त्यामुळे दौलताबाद बघायला हा ब्लॉग उघडला असेल, तर माफ करा. किल्ला मी रविवारी सकाळी एसटीच्या खिडकीतून बघितला. उन्हाची पहिली तिरीप त्याच्या टोकावर होती, खाली अजून धुकं, आणि मधला डोंगर दिसतच नव्हता. रस्त्याकडेला पेरूच्या टोपल्या लागल्या होत्या. बस तिथे दोन मिनिटं थांबली तेव्हा मला उतरून जावंसं फार वाटलं. पायऱ्या चढायच्या, तोफेला हात लावायचा, सगळ्यांबरोबर पोहे खायचे. कंडक्टरने घंटी दिली आणि तो विचार संपला. पुढे कसाबखेडा, मग देवगाव रंगारी. शहरापासून दीड तासाच्या आत पोचता. रस्ता बरा आहे, दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली रानं आणि मध्येच ज्वारीचे हिरवे पट्टे.

स्टँडवर विचारलं तर एकाने गाडीवरून मळ्यापर्यंत सोडलं. कचरूमामा हरभऱ्यात खुरपत होते. वाळले होते, पण खांदे तेच. मला ओळखायला त्यांना वेळ लागला, आणि ओळखल्यावर ते इतके खूश झाले की बॅग उघडायचं मी लांबवत राहिले. बांधावर गोणपाट अंथरलं, ओला हरभरा समोर ठेवला, पोरंबाळं किती विचारलं. मी शाफ्ट काढून गोणपाटावर ठेवला. त्यांनी तो लगेच ओळखला. आणि मी, खोलीत शिकून आले होते तशी, 'मी'पासून सुरुवात केली.

सांगून झाल्यावर त्यांनी शाफ्ट उचलला आणि ते दोन बोटांनी तो सावकाश फिरवत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी मी जेवढा ठिवला व्हता तेवढा निवल्यावर बसला असता?"

"बाराही बसले असते, मामा."

"मी गरमच्याला थोडा जास्त ठिवायचो. हातानंच कळायचं मला." त्यांनी अंगठा शाफ्टवरून फिरवला. "तू हो म्हणली म्हणून मी हाताला खोटं धरलं. सायबानं नाय काढलं मला मशीनवरून. मीच म्हणलो, मला प्याकिंगला टाका. आता हाताचा भरवसा नाय म्हणलो."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते की साहेबांनी त्यांना हलवलं, आणि त्या समजुतीत माझ्या वाट्याचा दोष थोडा साहेबांना वाटून दिला होता. मी माफ करा म्हणाले. त्यांनी ते ऐकलं की नाही कळलं नाही. ते उठले, खोपटाकडे तोंड करून मामींना हाक मारली, आणि मला म्हणाले, "हिला सांग. पहिल्यापास्नं सांग."

मामी ओल्या हातांनी आल्या, उभ्याच राहिल्या. मी पुन्हा सगळं सांगितलं, गरम शाफ्ट, खाली उभी गाडी, आणि माझं ते 'हो'. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल वाटलं होतं. मामींनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच विचारलं, "हे सांगाय इतकी वर्सं लागली व्हय?" त्यांनी चहा केला, गुळाचा, चांगला झाला होता. माझ्याशी मात्र परत बोलल्या नाहीत. निघताना शाफ्ट मामांच्या हातातच होता, आणि मी तो मागितला नाही.

परतीला देवगावहून शिऊर बंगला आणि वैजापूरमार्गे बस मिळते, शहरात परत जायची गरज नाही. बॅग हलकी होती. उन्हं कलायला लागली होती, बस जवळजवळ रिकामी. मी खिडकीशी बसून मोकळं वाटण्याची वाट बघत होते. येवल्यापर्यंत तसं काही झालं नाही, भूक तेवढी लागली.

घरी येऊन आता तीन आठवडे झाले. संघटनेची सभा गाठायची असेल तर नक्की गाठा. बाहेरच्यांकडून काही घेत नाहीत, फक्त बिघडलेला जॉब आणावा लागतो, आणि मनापासून सांगते, आपलाच आणा. सोनवणे सरांनी ग्राइंडिंगच्या वर्गाला शिकवायला कचरूमामांना बोलावलं होतं. मामा नाही म्हणाले. मशीन सोडून फार वर्षं झाली, आता त्या पोरांसमोर कशाला, असं म्हणाले. मी हळहळले. सगळं नीट जुळून येईल असं एक चित्र मी बसमध्ये पेंगताना रंगवून ठेवलं होतं, त्यात मामा मुलांच्या घोळक्यात उभे होते.

परवा सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. मामी होत्या. सोनवणे सरांकडून नंबर घेतला म्हणाल्या. खुशाली विचारली नाही, एकदम बोलायला लागल्या. मामा प्याकिंगला गेले तेव्हापासून रोज झोपेत त्यांचा उजवा हात हलायचा. मशीनचं चाक फिरवल्यासारखा, हळूहळू, थांबून थांबून. पोरं लहान असताना हसायची, म्हणून मामींनी पुढे कुणाला सांगितलंच नाही. तो हात धरूनच त्या झोपायच्या.

"तुमी आल्या त्या दिसापास्नं हात गप हाय," मामी म्हणाल्या. "गाढ झोपत्यात. आता मलाच झोप येईना."